लाओ आणि लाव

माझी शेवटची पोस्टिंग वाराणसी. म्हणजे माझंच गाव. दूधविनायकाच्या गल्लीत घर, आणि तिथून कॅन्टोन्मेंट सायकलनं पंचवीस मिनिटं. फौजेत होम पोस्टिंग मिळाली की लोक मिठाई मागतात. मीही वाटली.

मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. बावीस वर्षं गाड्यांच्या खाली काढली. मागच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळींनी माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि माइक हातात कोंबून म्हणाले, "काका, बॉर्डरवरचं काही सांगा. गोळीबार वगैरे." मी म्हणालो, मी आयुष्यात शत्रूवर एकही गोळी झाडलेली नाही. सभागृहाचं तोंड उतरलं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थानं तर घड्याळ बघितलं. अहो, गाडीच चालली नाही तर तुमचा तो गोळी झाडणारा तिथं पोचणार कसा? पोहत? पण ज्यांना देशभक्तीसुद्धा फराळाच्या आधी उरकायची असते त्यांच्यापुढे काय डोकं फोडायचं. मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो.

तिथं बोललो नाही ते इथं लिहितो. ही हकीकत एका डिझेल पिकअपच्या दोन पाइपांची आहे, आणि लान्स नायक सदाशिव मारुती भोईटे याची आहे. ज्यांना गोळीबार हवा असेल त्यांनी इथंच थांबावं.

त्या वर्षी गंगा चढली. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या आणि वरुणा नदी उलटी फिरून वस्त्यांमध्ये घुसली. सिव्हिलनं फौज मागितली. आमची सोळा जणांची डिटॅचमेंट वरुणेच्या काठी एका बंद शाळेत उतरली. दोन मोटरबोटी, एक जुना मोठा ट्रक आणि एक नवी पिकअप. ट्रक त्या वस्तीच्या रस्त्यात वळत नसे. म्हणून बोट ट्रेलरवर चढवून इकडून तिकडे ओढायचं सगळं काम पिकअपवर पडलं.

पिकअप ऑटोमॅटिक होती. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतं, लाल रंगाचं. गाडी ओढते ती त्या तेलाच्या दाबावर. तेल तापतं. म्हणून दोन बारीक पाइपांतून ते पुढं जाळीजवळच्या कूलरमध्ये जातं आणि थंड होऊन परत येतं. हे पाइप स्टीलचे, मध्ये थोडा रबरी भाग, आणि जोड कारखान्यात मशिननं दाबलेला. तेल गेलं की दाब गेला, आणि दाब गेला की इंजिन कितीही बोंबललं तरी चाक फिरत नाही. एवढं कळलं तरी पुरे. आमच्या कॅप्टन साहेबांना एवढंही कळत नव्हतं.

कॅप्टन साहेबांचं नाव लिहीत नाही. विसरलो नाही. लिहायची इच्छा नाही.

भोईटे साताऱ्याकडचा. वय एकोणतीस. बोट पाण्यात सोडणं, बाहेर काढणं, गाडी चढावर असताना चाकाखाली गुटका देणं, हे त्याचं काम. गुटका म्हणजे लाकडी ठोकळा, खाली लोखंडी दाते. तंबाखूचा नव्हे. डिटॅचमेंटमध्ये मराठी आम्ही दोघंच. बाकी सगळे मला ‘पंडित’ म्हणत, कारण काशीचा भट ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालतो याची त्यांना मजा वाटे. भोईटे एकटा ‘उस्ताद’ म्हणे.

पुराच्या आधीच्या रविवारी मी त्याला घरी जेवायला नेलं होतं. आमटी, भात, भरली वांगी. बायको जन्मानं इथलीच, तिचं मराठी आमच्या गल्लीतलं. तिनं मुलीला हाक मारली, "अगं, काकांना पाणी लाव."

भोईटेचा घास हातातच राहिला. "वैनी, पाणी कुटं लावायचं? मानंला का कानाला?"

आम्हाला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्या काशीच्या मराठी घरांत हिंदीचं ‘लाओ’ कधी आत शिरलं आणि ‘लाव’ होऊन बसलं, कुणालाच आठवत नाही. काही आणायला सांगायचं की आम्ही बिनदिक्कत ‘लाव’ म्हणतो. महाराष्ट्रात लावतात तो दिवा, लावतात ती कडी.

"मग तुमच्याकडे काय म्हणतात?" बायकोनं विचारलं.

"आन म्हंत्यात."

"आन? आन म्हणजे तर इज्जत झाली!"

भोईटे हसून हसून ठसका लागेपर्यंत हसला. शेवटी मुलीनं खरंच पाणी आणलं. जाताना तो म्हणाला, "उस्ताद, तुमचं मराटी लई ग्वाड हाय. पन जपून. एकांद्या दिशी गोत्यात आनंल." गंमतीनं म्हणाला. मीही हसलो.

सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला पिकअपखाली लाल तेल दिसलं. दिवसभर रिव्हर्समध्ये ट्रेलर ढकलून गिअरबॉक्स तापला होता. मी खाली शिरलो. पुढच्या पाइपाचा दाबलेला जोड सुटत होता. दुसऱ्याचाही रंग ठीक नव्हता. तेल भरलं, इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं बघितलं, आणि कॅप्टन साहेबांकडे गेलो.

"सर, पिकअप व्ही.ओ.आर. करनी पडेगी." व्ही.ओ.आर. म्हणजे व्हेइकल ऑफ रोड. गाडी दुरुस्त होईपर्यंत हलवायची नाही.

"क्या हुआ?"

"कूलर लाइन लीक है. दोनों नई डालनी हैं. डेपो से मँगवा लीजिए, तीन घंटे में डाल दूँगा."

"लीक है या सीपेज?"

"लीक, सर. बूँद नहीं, धार है."

"सीपेज लिखो."

आता हे सीपेज म्हणजे काय ते ऐका. धातूवर तेलाचा ओलावा आला, पुसला तर अर्ध्या दिवसानं परत दिसला, त्याला सीपेज म्हणतात. ते चालतं. रजिस्टरमध्ये सीपेज लिहिलं तर गाडी रस्त्यावर. लीक लिहिलं तर गाडी उभी, वर रिपोर्ट, आणि वरून फोन. ज्यांनी कधी पाना हातात धरला नाही अशा लोकांना हा शब्द फार आवडतो. भोक तेच, धार तीच, शब्द बदलला की सगळं आलबेल. मी अशा मखलाशीत मुरलेले कितीतरी साहेब बघितले. हे त्यांतले सगळ्यांत तरुण.

मी सही केली नाही. डेपोला निरोप गेला. उत्तर आलं, पाइप गुरुवारी सकाळी पोचतील.

मंगळवारी सकाळी मला बोटीचं इंजिन बघायला नदीच्या पलीकडे पाठवलं. दुपारी दोनला परत आलो. पिकअपच्या बॉनेटपाशी बाजारातला एक मिस्त्री पान चघळत उभा. साहेबांनी बोलावलेला. मला बघून म्हणाला, "हो गइल, गुरू. अब दस साल देखे के ना पड़ी."

मी खाली शिरून बघितलं. त्या महाभागानं स्टीलचा पाइप करवतीनं कापला होता आणि मध्ये पाण्याचा रेडिएटर होज बसवून दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या होत्या. पाण्याचा होज गरम तेलात फुगतो, मऊ पडतो. करवतीनं कापलेल्या पाइपाला कड नसते, क्लिप कितीही पिळा, दाब आला की होज सरकतो. हे वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"ये कितने घंटे चलेगा, मालूम है?"

"अरे पंडितजी, काम चल जाई."

काम चल जाई! या शहरात जन्मलो, या शहरावर माझा जीव आहे, पण हे तीन शब्द ऐकले की अजून हात शिवशिवतात. नळ गळतो, काम चल जाई. तारा लोंबतात, काम चल जाई. अक्कल गहाण टाकायची आणि वर त्याला मस्ती म्हणायचं. मिस्त्री निघून गेला. त्याला दोष देऊन तरी काय होतं? त्याला त्या गाडीत बसायचं नव्हतं.

कॅप्टन साहेब रजिस्टर घेऊन आले.

"अब तो सीपेज है?"

"सर, ये होज नहीं टिकेगा."

"पंडित, अगले महीने तेरा नायब सुभेदार का बोर्ड है ना?"

"जी सर."

"घर की पोस्टिंग है. बाल-बच्चे साथ हैं. दो दिन की बात है. साइन कर."

बावीस वर्षांची नोकरी. बोर्डानं बढती दिली की खांद्यावर जे.सी.ओ.चा तारा लागला असता. वडिलांना, जे माझ्याशी जेमतेम बोलत, त्यांना काहीतरी दाखवता आलं असतं. मी पेन घेतलं आणि लिहिलं: ‘सीपेज. ऑब्झर्व्ड. फिट फॉर ड्यूटी.’ खाली सही. साहेबांचा मला राग आहे, तिरस्कार आहे, सगळं आहे. पण अक्षर माझं आहे. त्या पानावर त्यांचं काहीच नाही. तेवढे ते हुशार.

बुधवारी दुपारी तीन वाजता दोन नंबरच्या बोटीनं वस्तीतून नऊ माणसं आणली. चार बायका, तीन पोरं, दोन म्हातारे. त्याच वेळी एक नंबरची बोट ट्रेलरवर चढवून दुसऱ्या वस्तीकडे न्यायची होती. रस्ता एकच, नदीकडे उतरणारा, गाळानं बरबटलेला. पिकअपचं तोंड चढाकडे, मागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट. डाव्या हाताला शाळेची भिंत, टायरला जवळजवळ टेकलेली. उतरलेली नऊ माणसं उताराच्या तळाशी गुडघाभर पाण्यात उभी. गाडी वर गेली की त्यांना वाट मिळणार होती.

ड्रायव्हर नायक रामकिशन, हरयाणाचा. चांगला ड्रायव्हर. मी गाडीच्या उजव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ चालत होतो. भोईटे डाव्या बाजूला, ट्रेलरजवळ, भिंतीच्या कडेनं. गुटका त्याच्या हातात. ड्रिल अशी की गुटका नेहमी बाहेरच्या बाजूनं द्यायचा. गाडी आणि ट्रेलर यांच्या मध्ये कुणीही, कधीही, कशासाठीही जायचं नाही.

रेडिओवर कॅप्टन साहेब.

"वन-टू, वन-टू, यहाँ वन. बोट कब तक? ओवर."

रामकिशननं उत्तर दिलं. "वन, यहाँ वन-टू. चढाई पर हैं. पाँच मिनट. ओवर."

"जल्दी करो. आउट."

तीन वाजून बारा मिनिटांनी होज सुटला. आवाज काही मोठा नाही. पुढच्या बाजूला फस्स झालं आणि इंजिन एकदम वर ओरडलं. ओढ गेली. रामकिशननं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. चाकं जाम झाली. पण पुढून सांडलेलं तेल उतारावरून मागे आलं आणि मागच्या टायरांखाली गेलं. आधी गाळ, त्यावर तेल. जाम चाकांनिशी गाडी घसरायला लागली. एक फूट. मग अजून एक. ट्रेलर तिरका होऊ लागला. तळाशी नऊ माणसं. एक म्हातारी पाण्यात बसली.

उजव्या चाकाला बाहेरून गुटका द्यायला जागा होती, आणि तिथं मी होतो. माझे हात रिकामे. गुटका भोईटेकडे. मी ओरडलो.

काय ओरडलो ते सगळ्यांनी ऐकलं. ‘गुटका लाओ’, असं रामकिशननं ऐकलं. म्हणजे इकडे आण. मला तेच म्हणायचं होतं. भोईटेनं ट्रेलरच्या मागून वळसा घालून गुटका माझ्याकडे आणावा, मी तो बाहेरून देईन. पण मी हिंदीत ओरडलो की मराठीत, की आमच्या घरातल्या त्या भेसळीत, हे मला आजही सांगता येत नाही. भोईटेशी मी कधीच हिंदी बोलत नसे. माझा आवाज आला की तो मराठीच ऐकायचा. त्यानं ऐकलं, ‘गुटका लाव.’

"जी उस्ताद," तो म्हणाला. एवढंच.

डाव्या चाकापर्यंत जायला भिंतीमुळे बाहेरून वाट नव्हती. तो गाडी आणि ट्रेलर यांच्या मधून आत वाकला आणि दोन्ही हातांनी गुटका चाकाखाली दाबला. दाते गाळाखालच्या डांबरात रुतले. गाडी थांबली. तीच जागा, एक इंचही पुढे-मागे नाही. ट्रेलर थांबला नाही. तो वळला आणि त्याचं तोंड गाडीच्या मागच्या फळीवर येऊन आदळलं. मध्ये भोईटे होता.

तीन वाजून चौदा मिनिटांनी रामकिशन रेडिओवर होता. "वन, वन-टू. एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. जल्दी भेजो." आठ जणांनी ट्रेलर हातांनी मागे ओढला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला दिसत होतं. "थांबली का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, थांबली. तीन एकतीसला, हॉस्पिटलच्या रस्त्यावर, तो गेला. नऊच्या नऊ माणसांना खरचटलंसुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला डेपोतून पाइप आले. वेळेवर, बघा. खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेले, दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टोप्या.

मी कुणालाही मदतीला घेतलं नाही. गाडी स्टँडवर घेतली, खालचा पत्रा उतरवला. ट्रे ठेवून उरलेलं तेल काढलं. कूलरकडचे नट गंजले होते, त्यांना औषध मारून दहा मिनिटं सोडलं. साधा पाना वापरला तर असे नट गोल होतात, म्हणून नटाला सगळीकडून धरणारा पाना लावला. पाइपाच्या पकडी सोडल्या. मिस्त्रीचा होज हातात आला तेव्हा तो एका दिवसात फुगून मऊ लिबलिबीत झाला होता. मी तो कापडात गुंडाळून वेगळा ठेवला. कूलर धुतला. नवे वॉशर घातले. नवे पाइप हातानं फिरवून बसवले, आधी पकडी, मग नट, म्हणजे पाइपावर ताण येत नाही. मग पाना. नवं तेल भरलं. इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवून एकेक गिअर टाकला, रिव्हर्स, ड्राइव्ह, परत रिव्हर्स. तेल तापल्यावर पुन्हा मोजलं. खाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं आणि अर्धा तास बघत बसलो. एक थेंब नाही.

दोन तास पन्नास मिनिटं लागली. सोमवारी मी तीन मागितले होते. गाडीखालून बाहेर आलो आणि शाळेच्या भिंतीला टेकून रडलो. कुणी जवळ आलं नाही. फौजेत एवढी रीत आहे.

शनिवारी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. बाहेरच्या युनिटचे एक मेजर साहेब प्रमुख. पहिल्या दिवशी कॅप्टन साहेबांचा जबाब झाला. गाडी फिट होती, मेकॅनिकची सही आहे. होज अचानक निकामी झाला. हवालदारानं गुटका आणायला सांगितलं, मृत जवान ड्रिल मोडून स्वतःहून दोन गाड्यांच्या मध्ये शिरला. रामकिशननं सांगितलं, मी ‘लाओ’ ऐकलं. त्यानं खरं तेच सांगितलं. माझा जबाब सोमवारी होता.

संध्याकाळी कॅप्टन साहेब बरॅकमध्ये आले. माझ्या खाटेवर बसले. पहिल्यांदाच.

"पंडित, सब ने लाओ सुना है. तू भी लाओ बोल. उसकी गलती उसके साथ गई. तेरा बोर्ड बच जाएगा."

"और रजिस्टर, सर?"

"होज तो किसी का भी फट सकता है."

काय माणूस होता! तीन दिवसांत त्यानं एका मेलेल्या पोराच्या माथी सगळं मारून हात धुतले होते, आणि चेहरा असा की जणू माझ्यावर उपकार करतोय. खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटायला लागलं होतं. मला ‘आण’ असंच म्हणायचं होतं. मग ‘लाओ’ सांगितलं तर खोटं कुठे झालं? रात्रभर मी स्वतःला हेच सांगत होतो. कॅप्टन साहेबांबद्दल जे जे वाटतं ते सगळं सकाळपर्यंत स्वतःबद्दल वाटायला लागलं होतं.

रविवारी भोईटेचे वडील आले. दहन गावाकडे झालं होतं. ते अस्थी घेऊन आले, गाडी बदलत, एकटे. मी त्यांना अहिल्याबाई घाटावर नेलं. पाणी अजून वरच होतं, वरच्या पायऱ्यांवरच विधी झाले. माझ्या चुलतभावानं मंत्र म्हटले. आबा सत्तरीच्या आसपास, पांढरी टोपी, जाड चष्मा. सगळं होईपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग पायरीवर बसले.

"सायेब, मी बत्तीस वरसं येष्टी चालवली."

मला हे ठाऊक नव्हतं.

"पोरगं चालायला लागल्यापास्नं सांगितलं त्येला. दोन गाड्यांच्या मदी जायाचं न्हाई. डेपोत माझ्यासमूर एक किलीनर ग्येला हुता तसा. सदाला दहांदा सांगितलं. त्येला ठावं हुतं." त्यांनी चष्मा पुसला. "त्येच्यासंगं कागद आलाय. इंग्रजीत. मास्तरानं वाचला. सवताच्या हलगर्जीपणानं ग्येला म्हंत्यात. पोरगं असं कसं चुकलं, सायेब?"

मी म्हणालो, "आबा, तो चुकला नाही. मी सांगितलं."

"तुमी?"

"माझा हुकूम होता. मी म्हणालो गुटका लाव. त्यानं लावला."

चष्म्यातून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिवी येईल, हात उठेल. उठला असता तर बरं झालं असतं.

"हुकूम हुता व्हय," ते म्हणाले. "मंग ठीक हाय. मंग त्यो थांबलाच नसंल."

सोमवारी सकाळी दहाला मी मेजर साहेबांपुढे उभा राहिलो. कॅप्टन साहेब बाजूच्या खुर्चीवर, पायावर पाय टाकून.

"हवलदार, क्या ऑर्डर दिया था?"

"सर, मैंने मराठी में ऑर्डर दिया था. गुटका लाव."

"लाव मतलब? लाओ?"

"नहीं सर. मराठी में लाव मतलब लगाओ. लान्स नायक भोईटे मराठी था. उससे मैं मराठी में ही बात करता था. उसने मेरा ऑर्डर माना."

कॅप्टन साहेबांचा पाय खाली आला.

"और गाड़ी की हालत?" मेजर साहेबांनी विचारलं.

"लीक थी सर. सोमवार से. सीपेज मैंने लिखा. गलत लिखा." मी कापडात गुंडाळलेला होज त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी दाबून बघितला, आणि कॅप्टन साहेबांकडे बघितलं. मग कारकुनाला म्हणाले, "जैसा बोला, वैसा लिखो. लाव भी लिखो."

मी खरं बोललो का? माझ्या मनात ‘आण’ होतं. तोंडातून काय गेलं, देव जाणे. पण हुकूम देणाऱ्याच्या मनात काय होतं याला फौजेत किंमत नाही. ऐकणाऱ्याला काय पोचलं, तोच हुकूम. त्याला ‘लाव’ पोचलं. बाकीची अक्कल ज्याला पाजळायची असेल त्यानं खुशाल पाजळावी.

मला सिव्हिअर रेप्रिमांड मिळाली. कडक शिक्षेची नोंद. बोर्डातून नाव गेलं आणि मी हवालदार म्हणूनच घरी आलो. कॅप्टन साहेबांना लेखी नाराजी मिळाली. पुढे ते मेजर झाले, असं ऐकतो. झाले असतील. असे लोक होतातच. त्या सत्कारात मंडळी मला ‘सुभेदार साहेब’ म्हणत होते, मी दोनदा दुरुस्त केलं आणि मग नाद सोडला.

सात महिन्यांनी दुपारी आबांचा फोन आला. नवा कागद आला होता. पुन्हा इंग्रजीत. मास्तर परगावी गेले होते. नातीनं त्याचा फोटो काढून मला पाठवला. मी अंगणात खुर्ची घेतली, चष्मा लावला.

"काय लिवलंय, सायेब?"

मी मराठी करून वाचून दाखवलं.

पलीकडे कुणीतरी नळ बंद केला. आबा म्हणाले, "आता त्येचं नाव घिऊन वाचा. मोट्यानं वाचा. त्येची आई हितं बसलीया."

मी उभा राहिलो आणि वाचलं. "लान्स नायक सदाशिव मारुती भोईटे. वरिष्ठांच्या हुकुमाचं पालन करताना, नऊ नागरिकांचे प्राण वाचवून, ड्यूटीवर मृत्यू. जवानाची कोणतीही चूक नाही."